समुद्रावर सोपवलेले काम

वरळीच्या किनाऱ्यावर वारा खात उभ्या असलेल्या माणसाला समोरच्या पाण्याखाली काय चालले आहे याचा पत्ता नसतो. समुद्रतळाच्या खालून एक बोगदा ३.४ किलोमीटर आत जातो, आणि त्याच्या टोकाशी शहराचे मलजल तळावरच्या अनेक तोंडांतून बाहेर पडते. वांद्र्याचा बोगदा थोडा लांब, ३.७ किलोमीटरचा. दोन्हींचा व्यास साडेतीन मीटर. मलजल गोडे, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलके. ते आपसूक वर उसळते, वर येईपर्यंत भरपूर पाण्यात मिसळते आणि उरलेले काम मीठ, ऊन आणि प्रवाह करतात. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९०च्या दशकात हाती घेतलेल्या योजनेचा हा गाभा होता: किनाऱ्यावर जाळ्यांनी चिंध्या, पिशव्या, शाम्पूच्या पुड्या अडवायच्या, रेती खाली बसवायची आणि बाकीचे समुद्रावर सोपवायचे.

याला नाक मुरडणे सोपे आहे. पण उघड्या समुद्रापुरता हा विचार चुकीचा नव्हता. चुकले ते खाड्यांच्या बाबतीत. मालाडची खाडी अरुंद. ओहोटीबरोबर गेलेले मलजल भरतीबरोबर पुन्हा दारात येते. ठाणे खाडीचेही थोडेफार तेच. भांडुप, घाटकोपर, वेसाव्याला मलजल शुद्ध करण्यासाठी हवा घुसळणारी तळी होती खरी, पण शहर त्यांच्यासाठी थांबले नाही.

आता मलजल शुद्धीकरणाची सात नवी केंद्रे येत आहेत: वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वेसावे १८०. मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले तेव्हा खर्चाचा आकडा सुमारे १७,२०० कोटी रुपये होता. त्याआधी शुद्ध करून सोडायच्या पाण्याच्या निकषांचा खेळ झाला. २०१५च्या मसुद्यात बीओडीची मर्यादा १० होती, २०१७च्या अधिसूचनेत ती महानगरांसाठी २० झाली, २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाने ती पुन्हा १० वर आणली. (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू, आकडा जितका लहान तितके पाणी चांगले.) २० आणि १० मधला फरक कागदावर एका आकड्याचा, जागेवर मात्र टाक्यांचा, वीजबिलाचा आणि जमिनीचा. मुंबईत जमीन म्हणजे एक तर झोपडपट्टी, नाही तर कांदळवन; आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी.

मला या धंद्यात सगळ्यात मजा वाटते ती आखणीच्या गणिताची. नळाने १०० लिटर पाणी दिले की त्यातले ८० मोरीतून परत येणार, हा ठोकताळा. मग गर्दीचा गुणक. वेंगुर्ल्याएवढ्या गावात सगळे साधारण एकाच वेळी आंघोळीला जातात, म्हणून तिथे सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरायचा. साडेसात लाखांच्या वरच्या शहरात दुप्पट पुरतो, कारण कोणी पाचची लोकल पकडतो, कोणी दहाला उठतो, आणि दूरच्या उपनगराचे पाणी केंद्रावर पोहोचायलाच वेळ लागतो.

खरी पंचाईत नळाच्या आकारात आहे. वाहिनी ३० वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी टाकायची, पण ती आज अर्धीही भरत नाही. पाणी सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली रेंगाळले की गाळ तळाशी बसतो आणि मॅनहोल तुंबते. उलट बारीक नळ टाकला तर दहा वर्षांत रस्ता पुन्हा खणा. पंपांचा हिशेब वेगळा, ते १५ वर्षांचेच धरतात, म्हणजे चुकले तर बदलता येते. जमिनीखालची चूक मात्र नातवांना भोगावी लागते.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू असतो. भरतीच्या वेळी भूजल वर चढते आणि जुन्या सांध्यांतून खारे पाणी वाहिनीत शिरते. त्यातल्या सल्फेटपासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो, छताच्या ओलाव्यात त्याचे गंधकाम्ल बनते, आणि काँक्रीट खडूसारखे भुसभुशीत होते. वरून रस्ता धडधाकट दिसतो, एखाद्या दिवशी त्यात टेम्पोचे चाक जाते.

नव्या पद्धतीच्या केंद्रात टाकी भरते, हवा घुसळली जाते, मग सारे शांत होते आणि वरचे निवळ पाणी काढून घेतात. तीन-चार तासांचे चक्र, दिवसरात्र. पडद्यावर शेकडो आकडे असतात, पण जाणता चालक आधी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्याकडे पाहतो. टाकीतले तपकिरी पाणी त्यात ओतून अर्धा तास ठेवायचे. जीवाणूंचा लगदा चहाच्या चोथ्यासारखा घट्ट खाली बसला आणि वर पाणी निवळले, की तो निश्चिंत. कापसासारखा फुगून तरंगत राहिला, तर त्याचा दिवस वाईट.

पण या सात केंद्रांच्या आकड्यांत एक घर रिकामे राहते. २०११च्या जनगणनेत मुंबईतले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत होते. तिथल्या गल्लीत वाहिनी टाकायला जेसीबी शिरत नाही, उतार मिळत नाही, आणि संडासाचे पाणी उघड्या गटारातून नाल्यात, नाल्यातून मिठी नदीत जाते. केंद्र कितीही उत्तम बांधले तरी त्याला ते भेटतच नाही. खाडीपलीकडच्या नवी मुंबईने मोकळ्या जमिनीवर आधी नळ टाकले, मग इमारती आल्या, म्हणून तिथली केंद्रे पोटभर जेवतात. मुंबईला तो क्रम कधीच मिळाला नाही, आणि भूमिपूजनाच्या पाटीवर अरुंद गल्लीतल्या नऊ इंची नळाचे नाव कोणी कोरत नाही.

नवे केंद्र सुरू होते तेव्हा टाक्यांत जीवाणू नसतात. ते चालत्या केंद्रातून टँकरने आणतात, विरजणासारखे. मग थोडे थोडे मलजल सोडत त्यांना वाढवायचे. काही आठवडे नळकांड्यात नुसता गढूळपणा दिसतो. मग एके सकाळी खाली बोटभर थर बसलेला असतो.