मुक्तिनाथला जायचंय? विमानाने की जीपने?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घराघरांतून सहलीचे बेत शिजू लागतात. नेपाळ हा त्यातला पुष्कळांचा आवडता बेत. काठमांडूला पशुपतिनाथाचं दर्शन, पोखऱ्याला फेवा तलावातली नौका, पहाटे सोनेरी होणारी हिमशिखरं. सगळं छान ठरतं आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "पोखऱ्यापर्यंत जातोच आहोत, तर मुक्तिनाथही करून येऊ की!"

बहुधा हे सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं रास्तच असतं. आपल्या देवघरातला शाळिग्राम ज्या काळी गंडकीच्या पात्रातून येतो, तिच्या खोऱ्यात वर मुक्तिनाथ आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांत त्याची गणना होते आणि बौद्धही ते आपलं तीर्थ मानतात. मंदिरामागे १०८ धारांतून बर्फासारखं पाणी पडत असतं. जवळच ज्वालामाईच्या देवळात जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूची ज्योत पाण्याशेजारी तेवते. हे पाहावंसं कोणाला वाटणार नाही?

पण मैत्रिणींनो, नकाशावर वीतभर दिसणारी ही वाट पोखऱ्याच्या इतर सहलींसारखी नाही. तिचा बेत वेगळा करावा लागतो, आणि आपल्याकडे बेत करण्याचं काम बहुतेक वेळा आपल्याकडेच येतं. म्हणून हा लेख.

आधी उंचीचा हिशेब

पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. जोमसोम हे डोंगरातलं गाव सुमारे २,७०० मीटरवर, आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्याही वर, म्हणजे बारा हजार फुटांहून अधिक. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. त्याच्या दुपटीहूनही जास्त उंचीवर आपण सासूबाईंना आणि मुलांना नेणार आहोत. तिथे हवा विरळ असते. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

पोखऱ्याहून जोमसोमला जायला दोन मार्ग आहेत: लहान विमान किंवा जीप. जोमसोमहून पुढे मुक्तिनाथच्या पायथ्याशी असलेल्या राणीपौवा गावापर्यंत मात्र सगळ्यांना गाडीनेच जावं लागतं. हा तास-दीड तासाचा रस्ता आहे. तिथून देवळापर्यंत चढ आणि पायऱ्या. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडी मिळतात.

विमान: वीस मिनिटांचं, पण वाऱ्याच्या मर्जीवर

विमान म्हणजे पंधरा-वीस माणसांचं. एका बाजूला ८,१६७ मीटरचा धवलगिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा आणि मधल्या खोल दरीतून ते जातं. सुमारे वीस मिनिटांत जोमसोम! कंबरदुखीच्या माणसाला हे वरदानच वाटेल.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऊन वर आलं की या दरीत दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. म्हणून विमानं सकाळीच जातात. सकाळी ढग असले, तर वाट बघता बघता वाऱ्याची वेळ होते आणि त्या दिवसाचं उड्डाण रद्द. दुपारी सुटेल, संध्याकाळी सुटेल, अशी आशा धरून विमानतळावर डबे उघडून बसण्यात अर्थ नसतो.

तिकीट काढताना तीन गोष्टी विचाराव्यात. उड्डाण रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, की दुसऱ्या दिवशीची जागा मिळते? माणशी किती किलो सामान चालतं? (मोठ्या विमानापेक्षा खूपच कमी चालतं, तेव्हा मोठी बॅग पोखऱ्याच्या हॉटेलात ठेवून जावं.) आणि विमान सुटतं कुठून? पोखऱ्यात १ जानेवारी २०२३ पासून नवा विमानतळ सुरू झाला आहे आणि जुना विमानतळही शहरातच आहे. पहाटे चुकीच्या दारात उभं राहायला नको. शिवाय नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, हेही मंडळींना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

जीप: दिवसभराची, पण हळूहळू चढणारी

जीपचा रस्ता पोखऱ्याहून बेनी, तातोपानी, घासा, मार्फा असा जोमसोमला जातो. सुमारे दीडशे किलोमीटरच, पण आठ-दहा तास सहज लागतात. बेनीच्या पुढे एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला गंडकी. कुठे दगडगोटे, कुठे चिखल, कुठे रुंदीकरणाचं काम. हाडं खिळखिळी होतात, हे खरं. पण वाटेत तातोपानीला गरम पाण्याचे झरे आहेत, रूप्से धबधबा आहे, मार्फाला सफरचंदाच्या बागा आहेत. मुलांना विमानापेक्षा हीच वाट जास्त आठवणीत राहील.

पैशांचा हिशेबही वेगळा पडतो. विमानाचं भाडं माणशी, जीपचं भाडं गाडीचं. घरची पाच-सहा माणसं असली की जीप पुष्कळच स्वस्त पडते. गाडी ठरवताना जाणं-येणं, मुक्काम आणि चालकाचं जेवण धरून किती, हे एकदाच बोलून घ्यावं. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, तेव्हा आकडा कोणत्या रुपयांत आहे हेही विचारावं. आपले भाऊजी कितीही सफाईने गाडी चालवोत, या रस्त्याला तिथलाच चालक हवा.

दोन्हींचा धोका डोळ्यांआड करू नका

भीती घालायची म्हणून नाही, पण निर्णय घेणाऱ्या बाईला माहीत असावं म्हणून सांगते. याच पोखरा-जोमसोम मार्गावर २४ फेब्रुवारी २०१६ रोजी लहान विमान डोंगरावर आदळून त्यातले २३ जण गेले. २९ मे २०२२ रोजी पुन्हा तसंच घडलं. २२ जण गेले, त्यांत चार भारतीय होते.

"मग जीपच बरी" असं म्हणाल, तर रस्त्याचंही ऐका. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे येताना मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचविसाहून अधिक माणसं दगावली.

म्हणून नुसतं 'विमान की जीप' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि हाताशी किती मोकळे दिवस ठेवून, हे प्रश्नही तितकेच मोठे आहेत. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि ढगही उतरतात. तेव्हा हा बेत करूच नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे हे दिवस चांगले, म्हणजे आपली दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी बरोबर जमते. मात्र आपल्या दसरा-दिवाळीलाच नेपाळात दसैं आणि तिहार असतात. सगळा देश घरी निघालेला असतो, म्हणून जीप आणि हॉटेल खूप आधी सांगून ठेवावं. जीप पहाटे सोडावी आणि अंधाराआधी मुक्कामाला पोचावं. रात्री या रस्त्याने जायचं नाही, चालक कितीही "काही होत नाही" म्हणाला तरी!

आमचा सल्ला: जाताना जीप, येताना विमान

विमानाने ८०० मीटरवरून उठून वीस मिनिटांत २,७०० मीटरवर उतरायचं आणि त्याच सकाळी मुक्तिनाथ गाठायचं, हे शरीराला फार जड जातं. जीपने मधे मुक्काम करत गेलं, की शरीर हळूहळू सरावतं. उतरताना तो प्रश्न नसतो. म्हणून बेत असा आखा:

पहिला दिवस: पहाटे पोखरा सोडून तातोपानीला मुक्काम. गरम पाण्यात पाय शेकून लवकर निजावं.

दुसरा दिवस: मार्फा किंवा जोमसोम. दुपारी विश्रांती. भरपूर पाणी, हलकं जेवण.

तिसरा दिवस: सकाळी मुक्तिनाथ, दर्शन घेऊन दुपारी परत जोमसोमला. झोपायला खालीच यायचं, वर राहायचं नाही.

चौथा दिवस: सकाळच्या विमानाने पोखरा. विमान रद्द झालं तर वाट न बघता जीप.

पाचवा दिवस: राखीव. हा दिवस फुकट गेला असं समजू नका. मोरांब्याच्या बरणीसारखा तो बाजूला ठेवलेलाच बरा. गोरखपूरहून निघणारी परतीची गाडी किंवा काठमांडूचं विमान या राखीव दिवसानंतरचंच असावं.

विमानाला घरात कोणाचा ठाम नकार असेल तर दोन्ही वाटा जीपनेच कराव्यात, दिवस तेवढे वाढवावेत. आणि एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला जीपचे धक्के सोसणारच नसतील, तर त्यांनी सोबतीला एक धडधाकट माणूस घेऊन विमानाने जोमसोमला जावं आणि तिथे एक पूर्ण दिवस विश्रांती घेऊन मगच वर जावं.

"एवढं आलोच आहोत तर..."

या सगळ्या प्रवासातलं सर्वांत धोक्याचं वाक्य कोणतं असेल, तर ते हे! एवढं आलोच आहोत तर दर्शन घेऊनच जाऊ. एवढे पैसे भरलेच आहेत तर थोडं ढगातून गेलं म्हणून काय झालं.

विरळ हवेचा त्रास डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, चक्कर, झोप न येणं असा सुरू होतो. एवढं असेल तर तिथेच थांबावं, आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर क्षणाचाही विलंब न करता खाली उतरावं आणि डॉक्टर गाठावा. खाली उतरणं हाच त्यावरचा खरा उपाय.

आणि हा त्रास लपवतं कोण? सासूबाई लपवतात, कारण आपल्यामुळे सगळ्यांचं दर्शन चुकू नये असं त्यांना वाटतं. आणि आपण लपवतो! सगळ्यांचं खाणं, गोळ्या, स्वेटर बघता बघता आपलं डोकं ठणकतंय हे सांगायला आपल्याला वेळच नसतो. घरी ही सवय खपून जाते, बारा हजार फुटांवर खपत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी घरीच, चहा पिताना, एक नियम ठरवा. कोणीही एकाने "परत फिरू" म्हटलं की फिरायचं. कारण विचारायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. मुलांनासुद्धा हा हक्क द्या. ह्यांनाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी "अगं, थोडंच राहिलंय" ऐकावं लागणार नाही.

निघण्यापूर्वी

हृदयविकार, दमा, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बाईने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. उंचीच्या त्रासावर गोळ्या असतात, पण त्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. रोजची औषधं नेहमी हातातल्या पिशवीत.

प्रत्येक मोठ्या माणसाचं मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट हवाच, नुसत्या आधारकार्डावर विसंबू नये. मुलांसाठी आणि वडीलधाऱ्यांसाठी काय चालतं ते तिकीट काढतानाच विचारावं. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्यात मिळतो, त्यासाठी छायाचित्रं जवळ असू द्यावीत. भारतीयांना त्याचं शुल्क कमी पडतं.

लोकरी टोपी, मोजे, हातमोजे, वाऱ्यासाठी जाड जाकीट, गॉगल, ओठांना लावायला व्हॅसलीन. खायला दशम्या, खाकरा, गूळ-शेंगदाणे, लिमलेटच्या गोळ्या. १०८ धारांखाली न्हायची हौस असेल तर टॉवेल आणि कोरडे कपडे अगदी वर ठेवा. वयस्कर माणसांनी मात्र हातात पाणी घेऊन डोळ्यांना लावलं तरी पुण्य कमी होत नाही, असं खुशाल सांगा.

एवढी तयारी केलीत की मग विमान असो वा जीप, निश्चिंत मनाने निघा. आणि ढग उतरले म्हणून जोमसोमवरूनच परतावं लागलं, तरी मनाला लावून घेऊ नका. मुक्तिनाथ तिथेच आहे. आपण सगळी धड घरी आलो, तर पुढच्या सुट्टीत पुन्हा जाता येईल.