ब्राउझर बदला, पण बघतंय कोण ते आधी ठरवा

शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावात आज ऊसतोडीची तारीख, कांद्याचा भाव, सातबारा आणि पोरांचा निकाल या सगळ्याची वाट एकाच मोबाइलमधून जाते. या मोबाइलवर कोणाची नजर नको असेल, तर काय करायचं हे सांगणारेही गावोगाव भेटतात. ‘गुप्त टॅब उघड’, ‘क्रोम काढून टाक’, ‘व्हीपीएन टाक, मग कुणाच्या बापाला कळत नाही’. या तिन्ही सल्ल्यांत थोडं थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते फसवतात. जाहिरात कंपनी, सिमकार्डाची कंपनी, घरातलंच कुणी, भामटा आणि सरकार असे निदान पाच जण आपल्याकडे बघू शकतात. प्रत्येकाची बघायची जागा वेगळी असते, आणि एकाला अडवणारं साधन दुसऱ्याच्या वाटेतही येत नाही. ब्राउझर कोणता चांगला, हा प्रश्न त्यामुळे दुसऱ्या नंबरचा ठरतो. आपल्याला नेमकं कोणापासून लपायचंय, हा पहिला.

गुप्त टॅबचं काम तर फारच लहान आहे. क्रोममधले सगळे इन्कॉग्निटो टॅब बंद केले, की त्यातला इतिहास आणि कुकी फोनमधून पुसल्या जातात. नंतर फोन हातात घेणाऱ्या भावाला काही दिसत नाही, इतकंच. समोरच्या वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता दिसतोच, आणि तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे सिम कंपनीलाही कळतं. याच गैरसमजावरून 2020 मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा झाला. 2024 च्या तडजोडीत लोकांच्या गुप्त टॅबमधल्या वावराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने कबूल केलं, आणि टॅब उघडताना दिसणारी सूचनाही बदलली. साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलुपाच्या चिन्हाचंही तसंच. ते एवढंच सांगतं की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बँक आहे की बँकेच्या नावाने बसलेला चोर, हे त्यावरून कळत नाही. लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतात म्हणून क्रोमने 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

जाहिरातवाल्यांच्या बाबतीत मात्र ब्राउझर निवडण्याने खरोखर फरक पडतो. संध्याकाळी ट्रॅक्टरच्या कर्जाचं पान उघडलं आणि सकाळी बातम्या वाचताना ट्रॅक्टरच्याच जाहिराती दिसू लागल्या, की ‘फोन आपलं बोलणं ऐकतो’ असं लोक म्हणतात. ऐकायची गरजच नसते. दोन्ही पानांवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड बसलेला असतो. पहिल्या पानावर तो तुमच्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवून देतो, दुसऱ्या पानावर तोच क्रमांक वाचतो. याला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. ॲपलच्या सफारीने 2020 च्या मार्चमध्ये त्या पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका पानावरचा क्रमांक दुसऱ्या पानावर वाचता येत नाही. गूगलनेही 2020 मध्ये ‘दोन वर्षांत बंद करू’ असं जाहीर केलं होतं. मग तारीख पे तारीख झाली आणि 2024 च्या जुलैत तो बेतच गुंडाळला. ज्या कंपनीची बहुतेक कमाई जाहिरातींतून येते, तिच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणं जरा भाबडेपणाचंच. अँड्रॉइडच्या साध्या फोनवर करण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. तिथल्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधनं, बसत नाहीत, फायरफॉक्समध्ये बसतात. त्यात यूब्लॉक ओरिजिन टाकलं, की जाहिरातींचे बहुतेक कोड उतरतच नाहीत. डेटाही वाचतो, आणि दीड जीबीच्या रोजच्या रिचार्जवर चालणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

यावर कोणी म्हणेल, मग एकदाच पाच-सहा असली साधनं टाकून मोकळं व्हावं. इथेच पाणी मुरतं. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइमझोन, ब्राउझरची आवृत्ती असे तपशील जुळवूनही माणूस ओळखता येतो, कुकी नसली तरी. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 मध्ये केलेल्या चाचणीत 83.6 टक्के ब्राउझर असे एकमेवाद्वितीय निघाले होते. वेगळेपणा जितका वाढवाल तितके उठून दिसाल. शिवाय ‘खासगी’ अशी पाटी लावलेला प्रत्येक माल अस्सल नसतो. ब्रेव्हसारखा चांगला ब्राउझरही 2020 मध्ये काही पत्त्यांना स्वतःच्या दलालीचा कोड गुपचूप जोडताना पकडला गेला आणि त्याला माफी मागावी लागली. स्वस्त फोनवर हलका चालायचा म्हणून आपल्याकडे घरोघरी पोचलेला चिनी यूसी ब्राउझर वापरकर्त्यांची माहिती उघड्यावर पाठवतो, हे कॅनडातल्या सिटिझन लॅबने 2015 मध्ये दाखवलं होतं. सरकारने त्यावर बंदी घातली 2020 च्या जूनमध्ये, आणि तीही चीनबरोबरच्या सीमेवरच्या तणावानंतर. आणि ब्राउझर कोणताही असो, त्यात गूगलचं किंवा फेसबुकचं खातं उघडं ठेवलं, तर त्या कंपनीला क्रमांक जुळवायचेही कष्ट पडत नाहीत. नाव तुम्ही स्वतःच दिलेलं असतं.

व्हीपीएनबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडणारा. साधं इंटरनेट वापरताना सिम कंपनीला सहसा साइटचं नाव दिसतं, आत काय वाचलं ते दिसत नाही. व्हीपीएन घेतला की आपली सगळी ये-जा व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरमधून होते, आणि हेच सगळं तिला दिसू लागतं. म्हणजे ओळखीच्या दुकानातली उधारीची वही उचलून अनोळखी दुकानात नेऊन ठेवायची. हे अनोळखी दुकानदार कसे असू शकतात याची उदाहरणं आहेत. ओनावो नावाची कंपनी फेसबुकने 2013 मध्ये विकत घेतली. तिचा फुकट व्हीपीएन लोक सुरक्षेसाठी टाकत, आणि ते कोणती ॲप किती वापरतात ही माहिती फेसबुककडे जात असे. अव्हास्ट ही तर अँटिव्हायरस विकणारी कंपनी. पाठलाग थांबवतो असं सांगणारी साधनं देऊन तिने त्याच लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2024 मध्ये तिच्यावर 1 कोटी 65 लाख डॉलरचा बोजा टाकला. भारतात सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी ‘सर्ट-इन’ने 28 एप्रिल 2022 रोजी आदेश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर उचलले. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर व्हीपीएन उपयोगाचा असतो, यात वाद नाही. पण फुकटचा व्हीपीएन म्हणजे बहुधा आगीतून फुफाट्यात.

आता सरकारी पाळतीचा मुद्दा. त्यासाठी शिरूर तालुक्याबाहेर जायला नको. 1 जानेवारी 2018 च्या कोरेगाव भीमाच्या हिंसाचारानंतर एल्गार परिषद या सभेवरून खटला उभा राहिला, आणि त्यातला महत्त्वाचा पुरावा होता आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधली पत्रं. बॉस्टनच्या आर्सेनल कन्सल्टिंगने बचाव पक्षाच्या वतीने त्या लॅपटॉपची प्रत तपासली. फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आलेल्या अहवालानुसार, 13 जून 2016 रोजी विल्सन यांना ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून मेल आले आणि जोडलेलं कागदपत्र उघडायचा आग्रह झाला. त्यांनी ते उघडलं. पडद्यावर कागदपत्र दिसलं, मागे नेटवायर नावाचं मालवेअर बसलं. बावीस महिन्यांहून अधिक काळ लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, असा आर्सेनलचा निष्कर्ष. काही पत्रं तर वर्डच्या अशा आवृत्तीत तयार झालेली होती, जी त्या लॅपटॉपवर कधी नव्हतीच. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे मान्य केलं नाही. सरकारी प्रयोगशाळेला मालवेअर आढळलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. मेल कोणी पाठवला हे त्या अहवालाने सांगितलेलं नाही, आणि पुराव्याचं काय ते न्यायालय ठरवेल. आपल्या प्रश्नापुरतं मात्र एक स्पष्ट आहे. ज्याने यंत्रच ताब्यात घेतलं, त्याला तुम्ही ओळख लपवणारा टॉर ब्राउझर वापरता की क्रोम याने काही फरक पडत नाही. टाइप केलेलं अक्षर ब्राउझरपर्यंत पोचण्याआधीच त्याला दिसतं.

‘आम्हा शेतकऱ्यांच्या लॅपटॉपमागे कोण लागतंय’, हा आक्षेप रास्त आहे. बहुतेकांच्या मागे सरकार लागत नाही. पण हीच युक्ती त्यांच्या फोनपर्यंत कधीच पोचली आहे. ओळखीच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल येते, ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ओटीपी भामट्याकडे जाऊ लागतात. ओळखीचा नंबर असतो, कारण त्या माणसाचा फोन आधीच गेलेला असतो. सेटिंग्जमध्ये व्हॉट्सॲप आणि क्रोम या दोघांनाही अनोळखी ॲप टाकायची परवानगी बंद ठेवणं, हा उपाय ब्राउझर बदलण्यापेक्षा कितीतरी मोलाचा, आणि अर्ध्या मिनिटाचा.

‘लपवण्यासारखं आहेच काय’ असं विचारणाऱ्यांनी भीमेतल्या बेकायदा वाळूउपशाची तक्रार करणाऱ्याचा विचार करावा. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो अशा माणसाला रोज लागतो. त्याच्यासाठी टॉर खरंच उपयोगी आहे. संदेश तीन संगणकांवरून फिरत जातो आणि पाठवणाऱ्याचा पत्ता पलीकडच्याला कळत नाही. पण 2013 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली, आणि त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवर टॉर कोण वापरत होतं एवढं बघून पोलिस त्याच्यापर्यंत पोचले. गावात तर एवढा शोध घ्यायचीही गरज नसते. अमुक रात्री अमुक गटातून किती डंपर भरले, हे बांधावरून बघू शकणारं घर एकच असेल आणि तक्रारीत तेवढाच तपशील असेल, तर आयपी पत्ता कोणी विचारणारही नाही. अशी तक्रार पाठवण्याआधी त्यातली वेळ, गट नंबर आणि काढलेला फोटो पुन्हा एकदा तपासून बघायला हवा.