गादी जुनी, जोखीम बाळाची

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील नोकरदारांच्या घरांत एक अलिखित नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो : बाळाची कोणतीही वस्तू वाया जाऊ द्यावयाची नाही. एका घरचे बाळ पाळण्यातून उतरले की पाळणा दुसऱ्या घरी जातो. झबली, टोपडी, दुपटी, पांगुळगाडा हे सारे पुढच्या बाळाची वाट पाहत राहते. या देवाणघेवाणीत काटकसर आहे आणि आपलेपणाही आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने तिचे कौतुकच करावयाचे. म्हणूनच आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका तरुण लिपिकाला मुलगी झाली, तेव्हा आमच्या माळ्यावर आठ वर्षे पडून असलेली फोमची लहान गादी मी मोठ्या उत्साहाने त्याला देऊ केली. त्याने संकोचत एकच प्रश्न विचारला : "सर, मधल्या काळात ती कधी ओली झाली नव्हती ना?" मला उत्तर देता आले नाही.

प्रश्न साधा होता, पण त्यात सगळे मर्म होते. आपल्या आजीच्या काळी तो असा उभा राहत नसे. बाळाची दुपटी जुन्या लुगड्यांची आणि गादी कापसाची असे. पिंजारी धनुकलीचा आवाज करीत दारावर आला की गादी उसवली जाई, कापूस उन्हात पसरून पिंजला जाई आणि धुतलेल्या खोळीत पुन्हा भरला जाई. गादी जुनी राहूनही नवी होई, आणि तिच्या पोटात काय आहे ते घरातील सर्वांना दिसे. फोमच्या गादीला ही सोय नाही. ती उसवता येत नाही. आत मुरलेले दूध, मूत्र वा पावसाळी ओल वरून दिसत नाही. आणि एकदा चिंब झाली की आतून लवकर वाळत नाही. खाडी आणि उल्हास नदीच्या काठच्या आपल्या दमट पट्ट्यात याचा विचार अधिकच करावयास हवा. 26 जुलै 2005 च्या महापुरात कल्याण-बदलापूर भागात घराघरांत पाणी शिरले होते. पाणी ओसरल्यावर उन्हात टाकलेली गादी वरून कोरडी दिसे, एवढ्यावरून ती आतूनही कोरडी झाली असे म्हणता येत नाही.

यात धोका कितपत आहे? या प्रश्नाचा थेट अभ्यास स्कॉटलंडमध्ये झाला आणि 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत अकस्मात, उघड कारणाशिवाय दगावलेल्या 131 अर्भकांची तुलना 278 जिवंत अर्भकांशी करण्यात आली. दुसऱ्या मुलाने आधी वापरलेल्या गादीवर नेहमी झोपणाऱ्या बाळांत या मृत्यूची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. गादी परक्या घरातून आलेली असेल तर हे प्रमाण पावणेपाच पटींच्या आसपास गेले. ती त्याच घरातील थोरल्या भावंडाची असेल तर मात्र संबंध इतका क्षीण होता की तो निश्चित मानता आला नाही. गादी हेच मृत्यूचे कारण, असे त्या संशोधकांनीही म्हटले नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतोच.

भीतीने वाहून जाण्याचेही कारण नाही. गादीतील रसायनांवर बुरशी वाढून विषारी वायू निघतो आणि बाळे दगावतात, अशी हाकाटी ब्रिटनमध्ये 1990 नंतरच्या काही वर्षांत उठली होती. तज्ज्ञ समितीने 1998 साली तिला आधार नसल्याचे स्पष्ट केले. उलट, 1991 पासून तेथे बाळाला पोटावर न निजवता पाठीवर निजवण्याचा प्रचार झाला आणि थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. तेव्हा बाळ कसे निजते हा प्रश्न पहिला, आणि गादी कोणाची हा त्यानंतरचा.

तरीही परक्या घरच्या गादीबाबतचा तो फरक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला वस्तूची खोड ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा किंमत वस्तूचा गुण सांगेनाशी होते. या विचाराला पुढे 2001 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या गादीचे असेच आहे, किंबहुना अधिक बिकट आहे. कारण येथे पुष्कळदा देणाऱ्यालाही काही ठाऊक नसते. मला तरी कोठे ठाऊक होते? वस्तू हातोहात फिरते, पण तिचा इतिहास प्रत्येक उंबरठ्यावर गळत जातो. आणि ज्याच्यावर ही सारी जोखीम येते, तो तर या व्यवहारात बोलूही शकत नाही.

म्हणून कसोटी जुने की नवे ही नसावी, माहीत की अज्ञात ही असावी. घरच्याच मुलाची, कोरडी राहिलेली, पुसता येणाऱ्या अखंड आवरणाची गादी तपासून वापरता येईल. तळहाताने दाबून हात काढताच ती पूर्ववत सपाट व्हावी, मध्ये खळगा नसावा, वास नसावा, पाळण्याची कड आणि गादी यांत दोन बोटांहून अधिक फट नसावी. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल तर मोह सोडावा. कापसाची गादीही केवळ कापसाची म्हणून निर्धोक ठरत नाही. ज्यात बाळाचे तोंड रुतेल असा मऊपणा तिच्यातही वाईटच.

ज्याला नवी गादी जड जाते, त्याने काय करावे, असा रास्त प्रश्न कोणी विचारील. आपण खर्च कोठे करतो ते पाहावे. मोहरीची उशी, भोवतीचे लोड, मऊ दुलई, कापडी बाहुल्या यांवर हौसेने पैसा जातो; आणि बाळाच्या झोपेच्या जागी नेमक्या याच वस्तू नसाव्यात, असे वैद्यक सांगते. तो पैसा वाचवून बाळाच्या मापाची, पातळ, घट्ट भरलेली सपाट गादी शिवून घेतली तर काटकसर आणि सुरक्षितता यांत भांडण उरत नाही. झबली, दुपटी, वाटी-चमचे खुशाल जुने घ्यावेत. ते धुता येतात, उकळता येतात.

राहता राहिला देणाऱ्याचा प्रश्न. आपण माळा रिकामा करतो आणि त्याला दान म्हणतो, ही सवय आपल्या मध्यमवर्गात बळावते आहे. घरकाम करणाऱ्या बाईला वा कनिष्ठ सहकाऱ्याला नाही म्हणणे अवघड जाते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ज्या गादीवर आपले नातवंड निजवण्यास आपण कचरलो असतो, ती दुसऱ्याच्या लेकराखाली घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. द्यावयाचीच असेल तर गादीसोबत तिचा इतिहासही द्यावा. तो ठाऊक नसेल तर गादी देऊ नये.

आमची ती गादी अखेर उसवली गेलीच, पण सुरीने. मधोमध तळहाताएवढा काळसर डाग होता. त्या लिपिकाच्या मुलीसाठी आम्ही सहकाऱ्यांनी वर्गणी काढून नवी गादी शिवून घेतली. प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम इतकी थोडी होती, की माळ्यावरची गादी देऊ करताना मी नेमके काय वाचवत होतो, हे मला अद्याप सांगता येत नाही.