केवळ महिलांसाठी, केवळ पुरुषांसाठी : न्याय्य काय?

मुलींची स्वतंत्र शाळा कोणाला खटकत नाही. मात्र एखाद्या व्यावसायिक संघटनेने स्त्रियांना सभासदत्व नाकारले, तर तो अन्याय ठरतो. यात दुटप्पीपणा आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आणि कायद्यात शोधावे लागते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ चा पहिला खंड लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई करतो. त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड स्त्रिया व बालकांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देतो. विषम स्थितीत असलेल्यांना केवळ समान वागणूक दिल्याने समता येत नाही, हा त्यामागील विचार होय.

पुण्यातील हुजूरपागा शाळा १८८४ मध्ये सुरू झाली, तर महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले ते १९१६ मध्ये. तत्पूर्वीच कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन महाविद्यालयात शिकल्या होत्या. म्हणजे दार पूर्णतः बंद नव्हते. परंतु बालविवाह, इंग्रजी माध्यम आणि समाजाचा धाक यांमुळे बहुसंख्य मुली त्या दारापर्यंत पोहोचतच नव्हत्या. कर्वे यांनी मातृभाषेतून शिक्षण देऊन ही वाट सुकर केली. त्यामुळे एकाही मुलाची जागा हिरावली गेली नाही.

याउलट उदाहरण मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले आहे. तेथील रंगभूषाकारांच्या नोंदणीकृत संघटनेत स्त्रियांना केवळ केशभूषाकार म्हणून सभासदत्व मिळे. रंगभूषा पुरुषांसाठी राखीव होती. सभासदत्वाच्या ओळखपत्राविना काम मिळणे दुरापास्त असल्याने हा नियम थेट उपजीविकेवर घाला घालणारा होता. चारू खुराणा यांच्या याचिकेवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षाही न्यायालयाच्या आदेशामुळेच २०२१ मध्ये मुलींना खुली झाली. सैन्याधिकारी होण्याचा बारावीनंतरचा तो प्रमुख मार्ग तोवर केवळ मुलांनाच उपलब्ध होता.

या उदाहरणांतून एक कसोटी हाती येते : वगळल्या गेलेल्या व्यक्तीपुढे तितकाच चांगला दुसरा मार्ग उरतो का? महिलांचा स्वयंसाहाय्य गट पुरुषांना सभासद करून घेत नाही, म्हणून कोणा पुरुषाला पतसंस्थेचे कर्ज नाकारले जात नाही. परंतु परवाना, काम वा पद मिळण्याची किल्लीच ज्या गटाच्या हाती आहे, त्याला ‘आमची खासगी बाब’ असे म्हणता येणार नाही.

ही कसोटी मुलींच्या शाळांनाही लागू पडते. तेथे विज्ञान शाखा नसेल, प्रयोगशाळा वा क्रीडांगण नसेल आणि गावात दुसरी शाळाही नसेल, तर सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या पदरी दुय्यम शिक्षणच पडते. म्हणून पाल्याचा प्रवेश घेताना अथवा एखाद्या संघटनेचे नियम वाचताना फलकावरील ‘केवळ’ या शब्दापाशीच न थांबता, आत काय मिळते आणि बाहेर राहणाऱ्याचे काय हिरावले जाते, हे दोन्ही तपासावे.