एक नोंदवही, दोन आवृत्त्या

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आजोबा-पणजोबांचे मोडींतील कागद जपून ठेविलेले असतात. शाई शाबूत, कागद शाबूत. पण मोडी जाणणारा मिळेपर्यंत ते मुकेच असतात. संगणकांतील माहितीचेंही तसेंच आहे. ती ज्या प्रणालीनें लिहिली, तिची घडण जाणणारी प्रणाली जवळ नसेल तर सर्व माहिती असून नसल्यासारखी होते. एकाच प्रणालीच्या नव्या-जुन्या आवृत्त्यांतही ही अडचण कशी येते, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस ही डेटाबेसची प्रणाली घेऊं. तिच्या १९९७ च्या आवृत्तींत फाइल दोन किलोबाइटांच्या पानांत विभागलेली असे. २००० च्या आवृत्तीनें युनिकोड स्वीकारला. पान चार किलोबाइटांचें झालें आणि देवनागरी, रोमन इत्यादि लिप्या एकाच तक्त्यांत नांदूं लागल्या. लाभ मोठा खरा. परंतु त्यापायीं फाइलीची घडण बदलली. नवी आवृत्ति जुनी फाइल वाचूं शके, पण जुनी आवृत्ति नवी फाइल पाहतांच 'हा नमुना ओळखीचा नाहीं' असें सांगून थांबे. पुढें २००७ च्या आवृत्तीनें 'एमडीबी' च्या जागीं 'एसीसीडीबी' हा नमुना आणला, तेव्हां २००३ व तत्पूर्वींच्या आवृत्त्यांवर तोच प्रसंग आला.

कोणी म्हणेल, 'फाइल नव्या नमुन्यांत बदलून घेतली कीं झालें!' पण बदलतांना मूळ फाइल तशीच राहते व दुसरी नवी तयार होते. समजा, एका शाळेंत कारकुनांचा संगणक जुना व मुख्याध्यापकांचा नवा आहे. कारकून फीच्या नोंदी जुन्या फाइलींत करितात, मुख्याध्यापक नांवांच्या दुरुस्त्या नव्या फाइलींत करितात. महिन्याभरांत दोन्ही फाइली अर्धवट होतात, आणि दाखला मागावयास आलेल्या मुलाचें नांव एकींत एक, तर दुसरींत दुसरें निघतें. कोणतें खरें, हें संगणक सांगूं शकत नाहीं.

उपाय साधा आहे. माहितीचे तक्ते एका फाइलींत, आणि ते भरण्याचे फॉर्म व अहवाल दुसऱ्या फाइलींत ठेवावे. तक्त्यांची फाइल एकच असावी, व ती सर्वांत जुन्या आवृत्तीस वाचतां येईल अशा नमुन्याची असावी. फॉर्मांची फाइल मात्र ज्याच्या त्याच्या संगणकावर, त्याच्या आवृत्तीस साजेशी करून, त्या तक्त्यांस जोडावी. म्हणजे दारें दोन झालीं तरी कोठार एकच राहतें.

तथापि जुन्या नमुन्यास कायम चिकटून राहणेंही हिताचें नाहीं. २०१३ पासूनच्या आवृत्त्या १९९७ च्या फाइली मुळींच उघडीत नाहींत. २०१० ची किंवा तिच्या आधींची एखादी मधली आवृत्ति शोधून त्या आधीं बदलून घ्याव्या लागतात. यास्तव सर्वांचे संगणक नवे होतांच एक दिवस ठरवावा, मूळ फाइलीची प्रत राखून नवा नमुना स्वीकारावा, आणि त्या दिवसापासून जुन्या फाइलींत एक अक्षरही लिहूं नये.

विद्यार्थिमित्रहो, घरचा हिशेब असो वा वर्गाची यादी असो, फाइल धाडण्यापूर्वीं घेणाऱ्याजवळ कोणती आवृत्ति आहे तें अवश्य विचारा. पत्र लिहावयाचें तें वाचणाऱ्यास उमजेल अशाच लिपींत लिहावें, हा वडिलांचा जुना शिरस्ता येथेंही लागू पडतो.