उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी अभ्यास

उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी अभ्यास हा महाराष्ट्रातील उस्मानाबाद (सध्याचे नाव धाराशिव) जिल्ह्यात झालेला वैद्यकीय संशोधन प्रकल्प आहे. त्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा सहभाग होता.

३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी ग्रामीण स्त्रियांची ५२ गावसमूहांनुसार चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांना अनुक्रमे एचपीव्ही विषाणूची चाचणी, पॅप चाचणी आणि ॲसिटिक आम्ल लावून दृश्य तपासणी देण्यात आली. चौथ्या गटाला केवळ प्रचलित आरोग्यसेवा उपलब्ध होती. चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रियांची कोल्पोस्कोपी व गरजेनुसार बायोप्सी करून कर्करोगपूर्व विकृतीवर उपचार केले गेले.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. अन्य दोन पद्धतींत मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. चौथ्या गटाला तपासणीपासून वंचित ठेवल्याबद्दल अभ्यासावर नैतिक टीकाही झाली.