तळाचं पाणी वर आणणारी नळी

अंबरनाथचं शिवमंदिर इ. स. १०६० चं. त्याच्या कडेने जाणारी वालधुनी नदी आज सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनं घेऊन उल्हासनगरात शिरते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. पुढे भरतीचा टापू. ओहोटी लागली की हे पाणी उल्हासच्या खाडीत आणि तिथून वसईच्या समुद्रात उतरतं. किनाऱ्याचं पाणी सुधारण्यासाठी जगात एक यंत्र आजमावलं जात आहे. ते या खाडीच्या उपयोगी पडेल का?

यंत्र म्हणजे मुळात एक उभी नळी. तळाशी नायट्रोजन-फॉस्फरससारखी पोषकद्रव्यं साठतात आणि ऊन असतं वर. नळी त्या दोघांची गाठ घालून देते. तिच्यात खालून हवेचे बुडबुडे सोडले की तळाचं पाणी त्यांच्याबरोबर वर चढतं. चीनमध्ये छिंगदाओजवळच्या आओशान उपसागरात झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी असं पाणी केल्प या समुद्री शेवाळाच्या शेतीला दिलं. शेवाळ पोषकद्रव्यं अंगात घेतं आणि कापणीबरोबर ती पाण्याबाहेर जातात. पाणी सुधारतं ते या कापणीने, नुसत्या नळीने नव्हे.

नॉर्वेच्या एका फ्योर्डमध्ये, म्हणजे अरुंद खोल खाडीत, युक्ती उलटी होती. वरचं गोडं पाणी खोल सोडलं. हलकं असल्यामुळे ते तळाचं पाणी सोबत घेऊन वर आलं. शिंपल्यांत विष साठवणाऱ्या शेवाळाची जागा निरुपद्रवी शेवाळाने घ्यावी, हा हेतू.

उल्हासच्या खाडीची गोष्ट वेगळी आहे. ती उथळ, भरती-ओहोटी जोराची. वरचं-खालचं पाणी रोजच ढवळलं जातं. पोषकद्रव्यांची टंचाई तर नाहीच, मैलापाण्याबरोबर ती वाजवीपेक्षा जास्त येतात. बाहेर अरबी समुद्रातही पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत तळाचं थंड पाणी आपोआप वर सरकतं आणि त्यात प्राणवायू फार कमी असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याची मोजणी करत आले आहेत. अशा ठिकाणी आणखी पाणी वर उपसणं धोक्याचंच.

इथलं दुखणं नदीच्या वरच्या अंगाला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि त्यातून उठलेल्या वायूने शेकडो उल्हासनगरकरांना रुग्णालयात नेलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ संस्थेला राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं. मैलापाणी आणि रसायनं नदीत पडण्याआधीच शुद्ध झाली, तर खाडीला कुठल्याही नळीची गरज भासणार नाही.

आओशानच्या कापणीचा धडा मात्र थेट लागू पडतो. बदलापूरपासून मोहन्यापर्यंत उन्हाळ्यात उल्हासवर जलपर्णी पसरते. तीही सांडपाण्यातली पोषकद्रव्यंच खाऊन फोफावते. वेळेत उपसून लांब नेली तर ती द्रव्यं नदीतून कायमची निघतात. पाण्यातच कुजली तर प्राणवायू संपवते, आणि काठावर ढीग करून सोडली तर पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा नदीतच येते.